जुना बंगला किंवा रो-हाऊस घेताना: तडजोड कुठे करावी, बाहेरून काय सुधारता येतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली या शहरांत किंवा कोकणात पंधरा ते चाळीस वर्षांचं स्वतंत्र घर पुनर्विक्रीत घ्यायला निघालेली माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत काही ठिकाणी माझं मत स्पष्ट दिलं आहे, कारण आयुष्यभराची पुंजी लावणाऱ्या माणसाला "तुमचं तुम्ही ठरवा" एवढंच सांगणं मला पटत नाही.

मनासारखं घर बजेटमध्ये बसत नाही. तडजोड कशाशी करू?

प्रत्येक खटकणाऱ्या गोष्टीबद्दल एकच विचारा: गवंडी, प्लंबर, सुतार किंवा फॅब्रिकेटर आणून हे बदलता येईल का? रंग उडालाय, फाटक गंजलंय, फरशी जुनी आहे, पोर्चचा स्लॅब गळतोय, स्वयंपाकघराची खिडकी लहान आहे. हे सगळं पैसे आणि काही महिने देऊन सुटतं. समोरचा रस्ता, जमिनीची पातळी, पाण्याची उपलब्धता, दक्षिणेला उभी राहिलेली सहा मजली इमारत, हद्दीचा वाद आणि अपुरे कागद कुणी कारागीर बदलून देत नाही. पहिल्या प्रकारात खुशाल नमतं घ्या. दुसऱ्या प्रकारातली एखादी गोष्ट खटकत असेल, तर घर कितीही देखणं असलं तरी पाय मागे घ्या.

लोक नेमकं उलटं करतात. उखडलेलं प्लास्टर पाहून नाक मुरडतात आणि नवा ग्रॅनाइटचा जिना पाहून रस्त्याची रुंदी विचारायचं विसरतात.

बाहेरून घर फारच कळकट दिसतं. बघायलाही जाऊ नये का?

जरूर जा. काळं पडलेलं शेवाळ, पोपडे धरलेला रंग, वाढलेलं गवत यामुळे गिऱ्हाईक कमी येतं आणि किंमत बोलता येते. मला जास्त सावध वाटतं ते विक्रीआधी महिनाभरात रंगवलेल्या घराबद्दल. तिथे दर्शनी भिंत बघत बसू नका. घराची मागची बाजू, छज्ज्यांची पोटं, जिन्याखालची जागा, भिंतीतल्या कपाटांच्या आतला भाग आणि गच्चीच्या कठड्याचा पाया बघा. रंगारी सहसा तिथपर्यंत पोचलेला नसतो.

घराचं जोतं रस्त्यापेक्षा खाली गेलंय. हे कितपत गंभीर आहे?

फार गंभीर. आणि शहरांतल्या जुन्या कॉलन्यांमध्ये हे सर्रास आढळतं. जुना थर न खरवडता त्यावरच नवं डांबर किंवा काँक्रीट टाकलं की रस्ता दर वेळी थोडा वर येतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी तीन पायऱ्या चढून ज्या घरात जायचं, तिथे आज एकच पायरी उरलेली असते. काही घरांत तर फाटकातून खाली उतरावं लागतं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. फक्त अंगण रस्त्याखाली असेल आणि घराची फरशी अजून रस्त्यापेक्षा दीड-दोन फूट वर असेल, तर उपाय आहेत. फाटकाशी आडवा चर आणि त्यावर लोखंडी जाळी, अंगणाचा उतार मागे वळवून पाण्याला वाट, ड्रेनेजच्या लाइनवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, आणि गरज पडली तर एका कोपऱ्यात खड्डा करून पंप. हा खर्च किमतीतून वजा करून मागा.

फरशीच रस्त्याच्या पातळीला किंवा खाली असेल, तर मी ते घर घेऊ नका असंच सांगेन. जॅक लावून आख्खं घर उचलण्याची कामं होतात, पण त्याचा खर्च, नळ आणि ड्रेनेजच्या लाइनी पुन्हा जोडणं आणि जुन्या विटांच्या भिंतींना होणारा त्रास धरला, तर ती सुधारणा राहत नाही, नवा प्रकल्प होतो. घर बघायला गेलात की मोबाइल बाजूला ठेवून पारदर्शक नळीत पाणी भरा आणि रस्त्याची व फरशीची पातळी लावून बघा. कुठलाही गवंडी हे पाच मिनिटांत करून देतो.

नदीजवळचं घर स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

आधी पूररेषेचा नकाशा बघा. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही. म्हणजे उद्या खोली वाढवायची म्हटलं तर हात बांधलेले. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी लागतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात काय झालं ते सगळ्यांना आठवतं. त्या भागात घर बघताना शेजारच्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठवर आलं होतं. तो हात करून दाखवतो, आणि तो हात कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरा असतो. अशा घरावर उंच कुंपण, जाड टाइल्स, महागडं क्लॅडिंग (भिंतीवर बाहेरून चिकटवलेलं दगडाचं आवरण) लावून काही उपयोग नाही.

भिंतींना तडे आहेत. कुठले चालतील, कुठले नाहीत?

प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर तो रंगाऱ्याचा विषय आहे. बीम किंवा कॉलम आणि वीटकाम जिथे मिळतं, तिथे सरळ आडवी किंवा उभी रेष दिसत असेल तर तीही बहुधा किरकोळ असते. काँक्रीट आणि वीट उष्णतेने वेगवेगळी फुगतात, आणि प्लास्टर करताना सांध्यावर जाळी मारलेली नसते. तो सांधा उघडून, जाळी ठोकून पुन्हा प्लास्टर केलं की प्रश्न मिटतो.

खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या पायऱ्या धरत तिरका वर गेलेला, एका टोकाला रुंद होत गेलेला तडा मात्र पाया हलल्याचं सांगतो. काळ्या मातीत हे नेहमी दिसतं. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायाला वर-खाली ढकलत राहते. सोलापूर, मराठवाडा, नगरचा काही भाग, पुण्याच्या पूर्वेकडची जमीन इथे पाया मुरमापर्यंत नेलाय का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. असा तडा भरला तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडतो.

तिसरा प्रकार सर्वांत घातक: कॉलमवर किंवा छज्ज्याखाली सळईच्या रेषेतच पडलेला तडा, त्यातून उतरलेले तांबूस डाग, सुटलेलं काँक्रीट. आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. एखाद-दुसऱ्या छज्ज्यापुरतं असेल तर दुरुस्ती होते. तळमजल्याच्या तीन-चार कॉलमांत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअर येऊन, रिबाउंड हॅमरसारखी (काँक्रीटची ताकद अजमावणारी) चाचणी करून, लेखी अहवाल देईपर्यंत टोकन देऊ नका. त्याची फी घराच्या किमतीपुढे नगण्य असते.

ओल दिसते. ती कायमची जाईल का?

कुठून येते त्यावर आहे. वरून उतरणारी ओल गच्चीची असते, बरी होते. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत राहते, तिथे पांढरा लोणा फुटतो आणि रंग टिकत नाही. ही घालवणं कटकटीचं असतं. रसायन भरून, खालचं प्लास्टर काढून नवं करून ती कमी होते. पूर्ण गेल्याचं मी फार क्वचित पाहिलंय. तेव्हा किंमत ठरवतानाच ती आपल्याबरोबर राहणार असं धरा.

बाजूने मारणारी ओल आपल्याकडे बहुतेक वेळा दक्षिण आणि पश्चिम भिंतींवर असते, कारण नैऋत्येचा पाऊस तिकडूनच झोडपतो. कोकणात पावसाळ्याआधी त्या बाजूच्या पडवीला झापं (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) बांधतात ते याचसाठी. शहरातल्या बंगल्याला हाच विचार लावा: त्या दोन बाजूंना रुंद छज्जा किंवा पुढे आलेलं छप्पर हवं, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवी. एवढीशी खाच नसली की पाणी छज्ज्याच्या पोटावरून चालत भिंतीत शिरतं.

घर घेतल्यावर बाहेरची कामं कुठल्या क्रमाने करावीत?

पाण्याच्या वाटेने वरून खाली या. आधी गच्ची, मग कठडा, छज्जे, पावसाच्या पाण्याचे पाइप, मग भिंतीतले तडे आणि प्लास्टर, मग जमिनीवरचा उतार आणि गटारं. रंग त्यानंतर. फाटक, दिवे, बाग, दगडी क्लॅडिंग शेवटी. दिवाळीच्या आत घर चकाचक दिसावं म्हणून रंगापासून सुरुवात करणाऱ्यांना दोन वर्षांत तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

गच्चीबद्दल थोडं सविस्तर. जुना ब्रिकबॅट कोबा (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) गळत असेल तर ठेकेदार त्याच्यावरच दुसरा थर टाकायला बघतो, कारण फोडणं आणि राडारोडा हलवणं त्याला नको असतं. मान्य करू नका. जुन्या स्लॅबवर वजन चढतं आणि दोन थरांच्या मधे पाणी अडकून राहतं. जुना कोबा काढून, स्लॅबच्या चिरा भरून, मग नवा करायचा. उतार किमान १०० ला १, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच तरी. कठडा आणि गच्ची मिळते तिथे गोलाईचा वाटा, म्हणजे कोपरा भरून केलेली गोलसर कड. काम झाल्यावर पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत दोन-तीन दिवस पाणी उभं करा आणि खालून छत तपासा. ही चाचणी होईपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा.

नवीन प्लास्टरला किमान सात दिवस पाणी मारायचं आणि रंगाआधी साधारण चार आठवडे सुकू द्यायचं. बाहेरचा रंग पावसाळा संपून भिंती कोरड्या झाल्यावरच, म्हणजे नोव्हेंबरनंतर लावावा. त्याच पायाडावर प्लास्टर आणि रंग दोन्ही उरकू असं कुणी म्हणालं, तर पायाडाचं भाडं वाचतं हे खरं, पण ओल्या प्लास्टरवरचा रंग पोपडे धरतो.

दर्शनी भिंतीला दगडी क्लॅडिंग लावलं तर घराची किंमत वाढते का?

दिसायला बरं वाटतं, पण त्याने बँकेचा मूल्यांकनकार आकडा फारसा हलवत नाही. मागे ओल असेल तर ती झाकली जाते आणि जड तुकडे सुटून पडतात. मी तो पैसा छज्ज्यांवर घालीन.

समोरचा रस्ता रुंद होणार आहे म्हणतात.

"म्हणतात" वर थांबू नका. महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग-नकाशा घ्या. डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्याची रेषा तुमच्या अंगणातून, कधी कधी बैठकीच्या खोलीतून जाते. रेषा फक्त पुढच्या सामासिक अंतरातून (हद्द आणि घर यांच्यामध्ये मोकळी सोडलेली जागा) जात असेल तर घर राहतं, पण पोर्च, फाटक आणि पुढची बाग जाते. तिथे एक रुपयाही खर्च करू नये. रस्त्याच्या रुंदीवर पुढे मिळणारं चटईक्षेत्रही (प्लॉटवर एकूण किती बांधता येईल ते) ठरतं, त्यामुळे अरुंद गल्लीतला प्लॉट आणि रुंद रस्त्यावरचा तेवढाच प्लॉट यांची तुलना होऊ शकत नाही.

कुंपण नव्याने बांधायचं आहे. लगेच सुरू करू?

आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दकायम मोजणी (प्लॉटच्या हद्दी जागेवर ठरवून देणारी सरकारी मोजणी) करून घ्या. जुनी भिंत हद्दीवरच आहे असं गृहीत धरून बांधलेल्या कुंपणातून शेजाऱ्यांचे वर्षानुवर्षांचे वाद उभे राहतात. मोजणी व्यवहाराआधी झाली तर उत्तमच. विकणारा टाळाटाळ करत असेल तर कारण शोधा.

अंगणात सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकले तर चिखलाची कटकट जाईल ना?

चिखल जाईल, पाणीही जाईल. पुण्यासारख्या साधारण ७०० मिलिमीटर पावसाच्या गावात हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला अंदाजे ६५ हजार लिटर पाणी पडतं. बोअरवेल असलेल्या घरात हे पाणी फिल्टरमधून शोषखड्ड्यात सोडलं तर उन्हाळ्यात त्याचा उपयोग होतो. गाडीच्या चाकांपुरते दोन पट्टे आणि चालायची वाट पक्की करा, बाकी माती मोकळी ठेवा. उतार मात्र घरापासून दूर जाणारा हवा.

आवारातला मोठा आंबा घराला लागून आहे. तोडावा का?

शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मोठ्या छाटणीसाठीही. पश्चिमेला असेल तर तो एप्रिल-मेमध्ये दुपारनंतरचं ऊन अडवून भिंत थंड ठेवतो, त्यामुळे मी तो ठेवूनच विचार करीन. कठड्यात किंवा पाइपांच्या सांध्यात उगवलेली पिंपळाची, उंबराची रोपं मात्र मुळासकट काढायलाच हवीत.

गच्चीवर पत्र्याची शेड आधीच आहे. फायदा की तोटा?

परवानगी असेल तर फायदा. गळती आणि उष्णता दोन्ही कमी होतात. परवानगी नसेल तर तिचे पैसे विकणाऱ्याला देऊ नका. बाजूच्या सामासिक अंतरात टाकलेली शेड तर बहुतेक ठिकाणी नियमाबाहेरच असते. सौर पॅनेल लावायचा विचार असेल तर एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीरहित जागा लागते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यापुढे ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा शेजारच्या इमारतीची सावली कुठवर येते ते बघा.

कागदांत थोडी कमतरता आहे, पण घर फार आवडलंय.

इथे तडजोड नको. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, फेरफार, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी दिल्याचा पालिकेचा दाखला), ३० वर्षांचा शोध अहवाल (मालकी आणि बोजे वकिलाने तपासल्याचा), कराच्या पावत्या. गुंठेवारीतला (परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेला) प्लॉट असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र. वरचा मजला नकाशात नसेल तर तो नाहीच असं समजून किंमत बोला, कारण बँकही तसंच समजते.

सुधारणांसाठी पैसा किती शिल्लक राहील?

अंदाजापेक्षा कमी. पुणे महापालिका हद्दीत ७५ लाखांचं घर धरू. बँका साधारण ८० टक्के, म्हणजे ६० लाख देतात. आपले १५ लाख. मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी फी ३० हजार. कर्जात हे शेवटचे दोन सहसा धरले जात नाहीत. म्हणजे साडेवीस लाखांहून जास्त रोख गेल्यावरच किल्ली हातात येते. घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते, इथे ७५ हजार वाचतात, म्हणजे गच्चीच्या कामाला चांगलाच हातभार. संयुक्त नावात पुरुष असेल तर ती मिळत नाही.

शुल्क ठरलेली किंमत आणि रेडीरेकनर (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला दर) यांतल्या जास्त रकमेवर लागतं, म्हणून पडीक घर स्वस्तात मिळालं तरी शुल्क त्या मानाने कमी होईलच असं नाही. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस (आगाऊ कापला जाणारा प्राप्तिकर) विकणाऱ्याच्या रकमेतून कापून भरणं खरेदीदाराची जबाबदारी. विकणारा परदेशी स्थायिक असेल, तर कपातीचे नियम आणि दर वेगळे आहेत. तिथे चार्टर्ड अकाउंटंटशिवाय पाऊल टाकू नका.

ठेकेदाराच्या इस्टिमेटवर आणखी पाव हिस्सा राखून ठेवा. जुनं प्लास्टर फोडल्यावर आत काय निघेल ते कुणालाच आधी दिसत नाही.

रो-हाऊस असेल तर बाहेरून मनासारखं करता येतं?

सगळं नाही. सामाईक भिंती, रंगसंगती, पुढच्या बाल्कन्या यांवर सोसायटीचे नियम असू शकतात. उपविधी आणि ठराव वाचून मगच स्वप्नं बघा.

सासूबाईंना दक्षिणमुखी दार नको आहे, आणि बाकी घर उत्तम आहे.

घरातल्या मोठ्या माणसाच्या मनात रोज खुपणार असेल तर ते हलकं समजू नका. त्यांना घेऊन त्या घरी जा, दुपारी तासभर बसू द्या, वारा आणि उजेड अनुभवू द्या. दार पूर्वेला हलवता येईल अशी जागा आहे का तेही इंजिनीअरला विचारा. पोर्चवरून बाजूने प्रवेश करणं पुष्कळ बंगल्यांत जमतं. दक्षिणमुखी म्हणून किंमत बोलता येते, हेही लक्षात असू द्या. विकताना तुमच्याशीही तसंच बोललं जाईल.

किती वेळा बघावं, आणि कधी?

एजंट रविवारी सकाळी नेतो, तेव्हा सगळं शांत असतं. तुम्ही एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी जा, एकदा रात्री जा, आणि जमलं तर भर पावसात जा. मेमध्ये बघत असाल तर कॉलनीत टँकर येतो का आणि नळाला पाणी किती वेळ असतं ते शेजारच्या काकूंना विचारा.

सगळी कामं करून राहायला जावं, की राहून करावीत?

गच्ची, ड्रेनेज, वायरिंग आणि पाण्याच्या टाक्या आधी. बाकीच्या बाहेरच्या कामांसाठी एक पावसाळा त्या घरात काढा. कुठल्या भिंतीला ओल येते, पाणी कुठे साचतं, पागोळ्या कुठे पडतात ते दिसेल. ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहीत जा आणि ऑक्टोबरमध्ये ठेकेदाराला बोलावून त्या रेघा दाखवा.